दुधनेपलीकडे दाखवलेलं विमान

अक्का, परवा तुझी राख सावडून घरी आलो आणि मी माणिकरावाला तांब्या फेकून मारला. नेम चांगला लागला. भुवईच्या वर फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं, पांढऱ्या धोतरावर ठिपके पडले. तू असतीस तर माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली असतीस, "कौशे, मयताच्या घरी तरी हात आवर." पण मयत तुझंच होतं आणि मला आवरणारं दुसरं कुणी आता या घरात नाही.

सगळे ओसरीवर टेकले होते. पाहुण्यांतल्या कुणीतरी सहज विचारलं, बाई पायाळू होत्या म्हणे? झालं. माणिकरावाला तेवढंच पाहिजे होतं. म्हातारा मांडी ठोकून बसला. "पायाळू? आवो, गयाबाईनं बसल्या जागी विमान दावलं व्हतं! फवारणीचं विमान पडलं, पोलिसाला घावंना. हिनं अंगठ्याला काजळ लावलं, बघितलं, आन् सांगितलं हितं हाय. आमी गेलो तर तिथंच. देवमाणूस व्हती." माना डोलल्या. दाजींचीही डोलली. तुझ्या नवऱ्याला सगळं माहीत आहे, तो स्वतः तिथे होता, आणि तो बसून मान डोलवत होता. तांब्या माझ्या हाताजवळच होता.

लोक म्हणाले, बहीण गेली म्हणून डोकं फिरलंय हिचं. फिरू दे. तुला यातलं सगळं ठाऊक आहे. तरी मी तुलाच सांगणार आहे, कारण त्यांनी भलतंच सांगायला सुरुवात केली आहे आणि तू आता भांडायला येणार नाहीस.

तू पायांकडून जन्मलीस, एवढंच निमित्त. पायाळू माणसाला जमिनीतलं दिसतं, हरवलेलं दिसतं, आणि वीज पडली तर त्याच्याच अंगावर पडते, असं सगळं गावाने तू बाळंत्यात असतानाच ठरवून टाकलं. शिवाय पायाळूची लाथ बसली की पाठीतली लचक जाते. कामाच्या दिवसांत आपल्या अंगणात बाप्ये पालथे पडलेले असायचे आणि परकरातली तू त्यांच्या पाठीत लाथा घालत जायचीस. माणिकराव तर हक्काने यायचा. गावातली निम्मी काळी जमीन त्याची, पण तुझ्या पायाशी नाक मातीत घालून म्हणायचा, "घाल गं पोरी, जोरात घाल." ते आठवलं की मला आजही बरं वाटतं.

लाथेचं ठीक होतं. अंजनाचं वाईट होतं. मेंढरू हरवलं की आबा एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरायचे, ते तुझ्या उजव्या अंगठ्याच्या नखावर चोळायचे आणि तुला बघायला बसवायचे. नखात आधी झाडणारा येतो, मग सडा टाकणारा, मग मारुती येऊन बसतो आणि त्याला विचारायचं, अशी रीत. तू कधी कधी म्हणायचीस, "झाडणारा आलाय, फुडचं दिसंना." मग, बाप असून, आबांचा दोर पडायचा, आणि तोही पायांवर, कारण गुण पायांत होता. मी दाराआडून बघायची. तिथेच मी ठरवलं की काजळात काजळच असतं, बाकीचं दोराच्या भीतीने दिसतं. तू म्हणायचीस, तसं नाही. विहिरीत पडलेलं ते कोकरू तुला खरंच दिसलं होतं, त्याचे कान हलत होते. यावरून आपण एकमेकींच्या झिंज्या उपटल्या आहेत. एकदा तू माझ्या दंडाला चावलीस. वण अजून आहे. काल अंघोळ करताना हात तिथेच गेला आणि मी मोरीत बसून रडले.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्या पावसाळ्याचं सांगते. रोज नव्या गावाचं नाव यायचं. अमक्या ठिकाणी घरं जाळली, तमक्या ठिकाणी आडात रॉकेल ओतलं, कुठे माणसाचे हात तोडले. देवगाव फाट्यावरून येणारा माणूस बातमी आणायचा, आणि पारावर ती ऐकताना आपल्याच लोकांच्या डोळ्यांत चमक यायची. मी ते डोळे पाहिले आहेत. त्यातल्या कुणी कधी विद्यापीठाचं दार बघितलेलं नव्हतं, पण नाव बदललं तर जणू यांच्या घरातली चूल विझणार होती. आपल्या गावचा बौद्धवाडा ओढ्याच्या कडेला. तिथली माणसं घराबाहेर पडेनाशी झाली. खुरपायला बाया येईनात, सगुणा येईना. तुझी जोडीदारीण ती. खुरपताना तुम्ही दोघी शेजारशेजारची पात, पिकातली एकेक ओळ, धरायचात, एक मागे पडली की दुसरी तिची पात ओढून घ्यायची. त्या दिवसांत तू एकटीच खुरपायचीस आणि कुणी काही बोललं की खुरपं उगारायचीस.

त्याच दिवसांत कापसावर फवारणीचं विमान यायचं. लहानसं, पांढरं. झाडांच्या शेंड्यांना टेकेल इतकं खाली येऊन औषधाचा धूर सोडत जायचं. ते औषध बौद्धवाड्याच्या आडावरही पडायचं. सगुणाच्या शेळ्या मेल्या, तोंडाला फेस येऊन, पोरांच्या समोर. तेव्हा तिचा नवरा लक्ष्मण गोफण घेऊन छपरावर चढला आणि त्याने विमानावर दगड भिरकावले. त्या विमानाला कोण दगड मारत नव्हतं? मीसुद्धा मारले होते. दगड निम्म्या वाटेवरून खाली यायचे आणि विमान आपलं पुढे निघून जायचं. पण लोकांच्या ध्यानात राहिला तो लक्ष्मणच.

मग एका ढगाळ सकाळी विमान आलं आणि परत गेलंच नाही. पोलिसांची जीप आली, चौकशी करून पाथरीकडे निघून गेली. पारावर कुणीतरी म्हणालं, लक्ष्मणनं पाडलं. दिवस मावळेपर्यंत ते असं झालं, की बौद्धवाड्याने विमान पाडलं आणि चालवणारा माणूस मारून पुरला. आपले मेंढरंवाले, ज्यांचा जन्म गोफण फिरवण्यात गेला, गोफणीचा दगड कुठवर जातो हे ज्यांना झोपेत विचारलं तरी सांगता येईल, त्यांनीही ते खरं मानलं. त्यांना मानायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी निघाल्या. काठ्या निघाल्या, रॉकेलचे डबे निघाले. आपल्या घरी घरजावई असलेल्या दाजींच्या हातातही डबा होता. अक्का, तू मला कधी तो विषय काढू दिला नाहीस, पण आज काढते. तुझ्या घरातला डबा होता तो, तू त्यातूनच चिमणी भरायचीस.

पारावरच्या कुणा शहाण्याने शंका काढली, की आधी विमान कुठंय ते कळू द्या, नाहीतर उद्या केस आपल्यावर. तेव्हा माणिकरावाला तू आठवलीस. तो तुला न्यायला आपल्या दारात आला आणि उंबऱ्यातच हळू आवाजात म्हणाला, "त्यांच्या वाड्यामागच्या ओढ्यात दिसायलंय म्हण. पायाळूनं सांगितलं की कुणी इचारत न्हाई." मी तुझ्या मागेच उभी होते, मला ऐकू आलं. तू पदर खोचलास आणि निघालीस.

पारावर तुझ्या नखाला काजळ लावलं. एवढी माणसं, पण कुणी खाकरत नव्हतं. "झाडणारा आला," तू म्हणालीस. मग "सडा पडला." मग कितीतरी वेळ काही नाही. तुझ्या कपाळावरचा घाम हनुवटीवर आला. मला वाटलं, चक्कर येऊन पडते आता. तेवढ्यात तू खणखणीत आवाजात बोललीस.

"दुधनेच्या पल्याड. खडकाच्या माळावर, बाभळीत अडकलंय. माणूस जित्ता हाय."

माणिकरावाचं तोंड बघण्यासारखं झालं. "नीट बघ गया. ओढ्यात बघ."

"ओढ्यात काय न्हाई."

"आगं नीट..."

"मारुतीला खोटं पाडायलाव का तुमी?"

संपलं. त्यांनीच मारुतीला साक्षीला बोलावलं होतं, आता त्याचं न ऐकून जाणार कुठे? सगळा जमाव नदीकडे निघाला. कुऱ्हाडी घेऊन, डबे घेऊन. विमान सापडलं की परत येताना वाडा आहेच, असा हिशेब. दुधनेला अजून गुडघाभर पाणी होतं. ते उतरून पलीकडे गेले, आणि वरच्या अंगाला आभाळ काळं होत होतं.

तू माझं मनगट धरलंस आणि घराकडे न जाता सरळ बौद्धवाड्यात शिरलीस. सगुणा दारातच होती, दिवस भरत आले होते तिचे.

"सगुणे, निघ. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, समदे निघा. देवगाव फाट्याला जा आन् भेटंल ती गाडी धरा."

"कामून? विमान तर पल्याड घावलं म्हनायलेत."

"न्हाई घावायचं. निघ म्हन्ते ना."

"आगं पर सामान..."

तू तिच्या थोबाडीत मारलीस. पोटुशी बाई, जन्माची जोडीदारीण, आणि तू तिला अशी मारलीस की तिची मान फिरली. लक्ष्मण आतून धावत आला आणि तुझं तोंड बघून थबकला.  कडेवर पोरं घेतली, म्हातारीला पाठीवर घेतलं, आणि वाडा रिकामा झाला. चुलीवर भाकरी तशाच राहिल्या होत्या, जळल्याचा वास येत होता. मी आत जाऊन तवा उतरवला.

परत येताना गल्लीत तू भिंतीला टेकलीस आणि मला सांगितलंस. "कौशे, विमान ओढ्यातच हाय. वळणाला, शिंदीच्या बनात. मी बघितलं. मानूस पट्ट्यात अडकलाय, जित्ता हाय."

म्हणजे माणिकरावाने तुला जे खोटं बोलायला सांगितलं, तेच तुझ्या मते खरं होतं. मी म्हटलं, मग सगुणाला का नाही सांगितलंस? तू माझ्याकडे खुळ्या पोरीकडे बघावं तशी बघितलंस. "लक्ष्मण थांबला असता. त्याला काडायला गेला असता. अन् त्या विमानापाशी लक्ष्मण घावला असता तर? पार फाट्याला जाऊ दी त्यांला. मग आपून दोघी जाऊ."

आपण दोघी जाणार होतो. विळा आणि दोर घ्यायला तेवढ्यापुरतं घरात शिरलो, तोच आभाळ फाटलं. पहिली वीज कडाडली आणि आईने दाराला आतून कुलूप घातलं. किल्ली चोळीत खोचून ती दाराला पाठ लावून बसली, हातात मुसळ. "पायाळूला वीज सोडत न्हाई. तुला बाहीर सोडलं तर मी आई न्हवं." तू पाया पडलीस. मग किंचाळलीस. मग तिच्या अंगावर धावलीस. आईने मुसळ फिरवलं, ते माझ्या खांद्यावर बसलं, हात लोंबकळायला लागला. तू आईचे केस धरलेस, आईने तुझ्या मांडीला नखं रोवली. तिघीही रडत होतो आणि तिघीही मारत होतो. अक्का, ज्या बाईने तुला जन्म दिला तिला तू भिंतीवर आपटलंस आणि तिच्या चोळीत हात घालून किल्ली काढलीस. ती खाली पडून ओरडत होती, "मर, जा, मर." तिचा जीव होता तुझ्यावर म्हणून ओरडत होती.

आपण पोहोचलो तेव्हा शिंदीचे फक्त शेंडे वर होते. लाल पाणी घोंघावत चाललं होतं, झाडं मुळासकट येत होती. तू कमरेपर्यंत आत गेलीस, मी एका हाताने तुझं लुगडं धरून ठेवलं. तुला त्याचं नाव माहीत नव्हतं. तू नुसती ओरडत होतीस, "ए दादा! आरं दादा!" पाण्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. मदतीला हाक मारावी असं एकही माणूस त्या अंगाला उरलं नव्हतं. सगळ्यांना तूच घालवलं होतंस.

जमाव पुरामुळे नदीपलीकडेच अडकला. सकाळी पाणी ओसरल्यावर परत आला, भिजलेला, उपाशी आणि पिसाळलेला. माणिकराव पुढे होता. वाडा रिकामा बघून त्यांनी घरांवरच राग काढला. रांजण फोडले, कोंबड्यांच्या माना पिरगाळल्या, ओल्या छपरांवर रॉकेल ओतून पेटवून दिलं. सगुणाचं घर पेटवताना मी बघितलं आणि कुणी पेटवलं तेही बघितलं. छपरं कोसळली तेव्हा मागचा ओढा उघडा पडला, आणि ओढ्यात, पुराने वळणावरून ढकलत आणलेलं, पांढरं शेपूट वर आलेलं होतं.

पोलीस आले. चालवणारा कोवळा पोरगा होता, दक्षिणेकडचा कुठलासा. त्याला बाहेर काढताना तू आणि मी काठावर उभ्या होतो. हवालदार दुसऱ्या पोलिसाला सांगत होता, "पडला तवा जित्ता व्हता रे हा. पट्टा सोडवायची लय खटपट केल्याली दिसायलीय. पाण्यानं मेला." इंजिन बिघडलं होतं, हेही नंतर तेच म्हणाले. पण तू पहिलं ऐकलंस आणि पुढचं ऐकायला थांबली नाहीस. मी तुझ्या मागे पळाले. तू रस्त्याच्या कडेला बसून उलट्या करत होतीस.

पोलिसांची जीप गेल्यावर ते आपल्या घरी आले. आईचाच पाटा, आईचाच वरवंटा. माणिकरावाने तुझा हात पाट्यावर दाबून धरला आणि म्हणाला, "दिसलं न्हाई म्हण. चुकलं म्हण. सोडून देतो." दाजी उंबऱ्यात उभे होते, तोंड बाहेर करून. मी तोंडात पदर कोंबून बघत होते आणि मनात ओरडत होते, म्हण ना अक्का, एकदा म्हण. तीन शब्द. त्यात तुझं काय जाणार होतं?

तू म्हणालीस, "दिसलं व्हतं. तुमाला दावायचं नव्हतं."

वरवंटा अंगठ्यावर पडला तो आवाज मला हुबेहूब आठवतो. एकदा पडला आणि पुन्हा पडला. तू ओरडली नाहीस, आईच ओरडली. ते नख पुन्हा कधी उगवलं नाही. आई त्या पाट्यावर नंतर काही वाटेना, आणि कुणाला हातही लावू देईना.

तेव्हापासून तुझंमाझं भांडण चालू आहे आणि तू ते अर्धवट टाकून गेलीस. मी म्हणायची, तुला काही दिसलं नव्हतं. तू लोकांना लांब पाठवायला तोंडाला आलं ते सांगितलंस, बास. विमान ओढ्यात निघालं हा योगायोग. काजळात कुणाला विमान दिसत नसतं, म्हणून तो पोरगा तुझ्या नावावर नाही. आणि तू दरवेळी उसळायचीस. "न्हाई कौशे. मी बघितलं. त्याचा हात हलताना बघितला, आन् खोटं बोलले." मी तुझं ओझं उतरवायला बघत होते आणि तू ते घट्ट धरून बसायचीस. मला कळायचंच नाही. आज वाटतं, तुझ्याकडे तुझं म्हणून एवढंच होतं. आबांनी त्यासाठी मारलं, गावाने त्यासाठी वापरलं, पण एकदा, एकदाच, तू स्वतःच्या मर्जीने बघितलंस आणि स्वतःच्या मर्जीने बोललीस. आणि मी ते काढून घ्यायला निघाले होते.

सर्वपित्रीला तू एक पान जास्त वाढायचीस. दाजी विचारायचे, हे कुणाचं? तू म्हणायचीस, "हाय एक आपलं." त्यावरूनही मी तुझ्यावर खेकसले आहे.

रडून झालं की हसूही येतं, त्याला मी काय करू? अंगठा फोडल्यावर पुढच्याच हंगामात माणिकरावाची पाठ धरली आणि त्याने निर्लज्जासारखं तुला बोलावणं धाडलं. मी म्हटलं, जाऊ नकोस. तू म्हणालीस, "जाते की, गुण हाय माझ्यात." गेलीस, आणि अशी लाथ घातलीस की त्याला खाटेवरून उचलून पाथरीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. परत आलीस ती पदरात तोंड लपवून हसतच. तेवढं हसताना मी तुला नंतर कधी पाहिलं नाही. त्या लाथेबद्दल मी तुझी जन्माची ऋणी आहे.

शेवटी परभणीच्या दवाखान्यात तू हळदीसारखी पिवळी पडली होतीस. संक्रांत झाली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या पोराने सांगितलं, विद्यापीठाला नाव लागलं.  तू म्हणालीस, "लावायचंच व्हतं तर आधीच लावायचं व्हतं की, माय." मी भिंतीवर मूठ आपटली. नर्स ओरडली. दुसरं मी काय करणार होते?

त्याच दुपारी तू माझा हात ओढून म्हणालीस, "आता तरी म्हण. दिसलं व्हतं म्हण." आणि मी पुन्हा तेच म्हटलं, नव्हतं दिसलं अक्का, तू काही केलं नाहीस, निवांत झोप. तू कूस बदललीस. मला वाटलं, उद्या सकाळी भांडू.

आज सगुणा आली. सेलूहून जीपने, सोबत तरणी लेक. तीच, त्या दिवशी पोटात होती ती. सगुणा केवढी म्हातारी झाली आहे, अक्का. त्यांचं गाव सुटलं ते सुटलंच, तिकडेच राहिले ते. लक्ष्मण मागेच गेला म्हणाली. तुझ्या रिकाम्या खाटेवर ती हात फिरवत बसली आणि मला म्हणाली, "कौसाबाई, एक इचारू का? त्या दिशी विमान पल्याड हाय म्हनली, मंग आमाला कामून हाकललं अक्कानं? मला मारलं वो तिनं. एवढ्या वर्सांत कदी इचारायचा धीर झाला न्हाई."

तू तिला कधी सांगितलं नव्हतंस. तिला कळू नये म्हणूनच तर तू तिच्याकडे जाणं टाळायचीस. मी दार लोटलं आणि सांगितलं. ओढा, शिंदीचं बन, तो पोरगा, पट्टा, पाणी, हवालदार काय म्हणाला ते. आणि अक्का, मी काय म्हटलं ऐक. मी अजूनही मानत नाही, काजळात काजळच असतं. पण मी सगुणाला म्हटलं, "तिला दिसलं होतं. तो जिवंत आहे हे तिला दिसलं होतं आणि तिने तुम्हाला निवडलं." योगायोगाचं मी काही बोलले नाही.

 लेक सगुणाकडे बघत होती, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता सगुणा रडेल, तुझे उपकार बोलून दाखवेल, आणि मला ते सोसणार नाही.

ती चिडली. लाल झाली नुसती. तुझ्या खाटेच्या कडेवर मूठ आपटून म्हणाली, "एकलीनंच वागवलं व्हय हे? मेल्यापस्तोर? मला सांगाया काय झालं व्हतं हिला? आमच्यापायीच मेला की तो पोरगा. माझी पात मागं पडली तर ओढून घ्यायची, आन् सोताची मला दावली बी न्हाई. निम्मं मी घेतलं असतं गं, गया. निम्मं मी घेतलं असतं."